१,५७,७९,१७,५०० : भरतीच्या वेळेपासून एका मोठ्या संख्येपर्यंत

हर्णैकाठ

सातवीच्या वर्गावर लसावि-मसावि घेत होतो. आमच्या वर्गाच्या खिडकीतून बंदर दिसतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आज षष्ठी. साडेचारला पाणी भरणार. बाबांची होडी लागेल, मला सव्वाचारला सोडाल का?" भरतीचं वेळापत्रक काही तिच्याजवळ नव्हतं. तिने मनातल्या मनात पाऊणकी म्हटली होती: सहा पाऊण साडेचार. आपल्या किनाऱ्यावर चालत आलेला हिशेब हाच. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती धरायची आणि पुढे जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचं.

तिला सोडलं. पण तिच्या पुढच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "सर, आज षष्ठी आहे हे ठरवलं कोणी?" पंचांग काढणाऱ्यांनी, मी म्हणालो. "त्यांना कसं कळलं? दुपारी तर चंद्रच दिसत नाही."

याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, आणि काहीतरी सांगून पोराला खाली बसवायचं माझ्या जिवावर आलं. चार रात्री वाचत बसलो. त्या वाचनात ही संख्या भेटली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही:

१,५७,७९,१७,५००

एक अब्ज सत्तावन्न कोटी एकोणऐंशी लाख सतरा हजार पाचशे. आर्यभटाच्या हिशेबाने एका महायुगातले, म्हणजे ४३,२०,००० वर्षांतले दिवस. आर्यभट स्वतः सांगतो की कलियुगाची ३६०० वर्षं सरली तेव्हा माझी तेवीस वर्षं झाली होती. ते साल इ. स. ४९९.

गंमत अशी की ही संख्या तो थेट देत नाही, ती वजाबाकीने काढायची. तो देतो पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेऱ्या: १,५८,२२,३७,५००. ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वी वर्षात ३६६ वेळा फिरते, पण आपल्याला सूर्योदय ३६५च दिसतात, कारण सूर्यही वर्षभरात ताऱ्यांमधून एक फेरी पुरी करतो. म्हणून दर वर्षामागे एक कमी करायचा. १,५८,२२,३७,५०० वजा ४३,२०,०००, राहिले १,५७,७९,१७,५००. पृथ्वी फिरते हे पटवायला त्याने दिलेला दाखला आपल्या मुलांना लगेच कळतो: होडीत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात.

संख्या लिहायची त्याची रीतही बघा. ४३,२०,००० साठी तो 'ख्युघृ' एवढंच लिहितो. ख म्हणजे २, य म्हणजे ३०, दोघांना मिळून उकार लागला की दहा हजारांचं स्थान: ३२ × १०,००० = ३,२०,०००. घ म्हणजे ४, त्याला ऋ लागला की दहा लाखांचं स्थान: ४०,००,०००. बेरीज ४३,२०,०००. दोन अक्षरांत सात आकडे. मी फळ्यावर हे उलगडून दाखवलं तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

आता चंद्र. त्याच काळात चंद्राच्या फेऱ्या ५,७७,५३,३३६. त्यातून सूर्याच्या फेऱ्या वजा केल्या की अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचे महिने मिळतात: ५,३४,३३,३३६. दिवसांना महिन्यांनी भागा. उत्तर २९.५३०५८२ दिवस. आजचं मान २९.५३०५८९. फरक एका महिन्यामागे साधारण ०.६ सेकंद.

मला गणित शिकवता येतं, ज्योतिषगणित माझा प्रांत नाही. जाणकारांना विचारायचं आहे ते असं: ही संख्या एवढी मोठी का? हिचे अवयव काय? आणि एवढ्या मोठ्या संख्येशी झगडून गावोगावचे लोक पंचांग करायचे तरी कसे?

सुपारीची_वाडी

सर, लेख आवडला. मला आजवर वाटायचं की युगांचे आकडे भव्य वाटावेत म्हणूनच मोठे केलेत. वजाबाकी करून बघितली, बरोबर येते. अंकांची बेरीज ४२, म्हणजे ३ ने भाग जातो, ९ ने नाही. एवढंच माझं गणित. पुढचं वाचायला इथेच बसले आहे.

शून्य_ते_अनंत

अवयव मी पाडतो. रत्नागिरीहून पुण्याच्या गाडीत बसलोय, कागद-पेन आहे, संगणक मुद्दाम उघडत नाही.

शेवटी ५०० आहे, म्हणून आधी ५०० ने भाग: ३१,५५,८३५. शेवटी ५, पुन्हा ५ ने: ६,३१,१६७. अंकांची बेरीज २४, म्हणून ३ ने: २,१०,३८९. इथवर चिपळूणही आलं नव्हतं.

इथे गाडी अडली. ७ लागत नाही, ११ नाही, १३ नाही. एकेक मूळ संख्या लावत गेलो. ४७ नाही, ५३ नाही, ५९ ला बाकी ५४. आणि ६१ ला बाकी शून्य! २,१०,३८९ = ६१ × ३४४९. पुढे ३४४९ ला ५३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावल्या, एकही लागली नाही. ५९ चा वर्ग ३४८१, त्यामुळे त्यापुढे जायची गरज नाही. ३४४९ मूळ आहे.

तर १,५७,७९,१७,५०० = २² × ३ × ५⁴ × ६१ × ३४४९. एकूण विभाजक १२०.

आता शेजारी ४३,२०,००० ठेवा: २⁸ × ३³ × ५⁴. दोन, तीन, पाच, बस. ही वर्षांची संख्या माणसाने निवडली आहे, कशानेही भागायला सोपी म्हणून. दिवसांच्या संख्येतले ६१ आणि ३४४९ मात्र कोणी सोयीसाठी निवडणार नाही. ते आकाशाकडे बघून आलेत. मला तरी या दोन अवयवांत निरीक्षकाच्या हाताचा ठसा दिसतो.

दोन्हींचा मसावि ७५००. त्याने छेद दिला की वर्षाचं मान मिळतं: २,१०,३८९ / ५७६. म्हणजे ३६५ दिवस आणि वर १४९/५७६. त्याचे तास करायला २४ ने गुणा, ५७६ हा २४ चा वर्ग असल्याने सुटसुटीत १४९/२४ उरतात: ६ तास १२ मिनिटं ३० सेकंद. जुन्या मापात १५ घटी ३१ पळं १५ विपळं. सूर्याची फेरी आणि सूर्योदय बरोबर एकाच क्षणी पुन्हा जुळायला ५७६ वर्षं लागतात.

हर्णैकाठ

वा, शून्यभाऊ! २,१०,३८९ ला मीही ४३ पर्यंत जाऊन थकलो होतो. अजून अठरापर्यंत चिकाटी धरायला हवी होती.

तुमच्या ५७६ वरून माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं असं वाटतं. फक्त सूर्य आणि दिवस जुळवायचे तर ५७६ वर्षं पुरतात. आता चंद्र आणा. महिन्यांची संख्या ५,३४,३३,३३६ आणि दिवसांची संख्या यांचा मसावि काढला. महिन्यांच्या संख्येला ५ ने भाग जात नाही, ६१ ने जात नाही, ३४४९ ने जात नाही. उरतात ४ आणि ३. मसावि फक्त १२. म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस तिन्ही पूर्णांकात यायला ४३,२०,००० भागिले १२, म्हणजे ३,६०,००० वर्षं लागतात. ५७६ वरून एकदम साडेतीन लाखांच्या पलीकडे.

मग शनी आणा. त्याच्या फेऱ्या १,४६,५६४. याचा आणि दिवसांचा मसावि ४. गुरूच्या ३,६४,२२४, मंगळाच्या २२,९६,८२४, याही ४ ने भागल्या जातात. म्हणून सगळे ग्रह एकत्र यायला महायुगाचा चौथा भाग, १०,८०,००० वर्षं. चंद्राच्या उच्चाच्या (त्याच्या वाटेवरचा पृथ्वीपासून सर्वात लांबचा बिंदू) फेऱ्या ४,८८,२१९ आणि राहूच्या (चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तो बिंदू) २,३२,२२६. त्यांना ४ ने भाग जात नाही. त्यांच्यासाठी पुढे जावं लागतं.

सुपारीताई, म्हणजे आकडा भव्यतेसाठी मोठा नाही. हा चक्क लसावि आहे. अपूर्णांक नको, प्रत्येक फेरी पूर्ण संख्येत हवी, असा हट्ट धरला की छेद असा वाढत जातो. मी वर्गात लसावि शिकवत होतो आणि उत्तर माझ्याच फळ्यावर होतं!

सागवे_बुद्रुक

अवांतर आहे, पण आपल्या किनाऱ्याचं म्हणून लिहितो. मोठ्या संख्यांशी खेळणारे द. रा. कापरेकर डहाणूत जन्मले, १९०५ साली. पुढे देवळालीच्या शाळेत मास्तर होते. त्यांची ६१७४ वर्गात जरूर दाखवा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची वजा करा, तेच पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग हलत नाही. मुलं तासभर मान वर करत नाहीत.

बावनदी

लेख चांगला आहे, पण एक हरकत नोंदवते. महिन्याचं मान ०.६ सेकंदांवर जुळलं म्हणून सगळंच अचूक होतं असा सूर लागू नये. वर्षाचं मान तपासा. ताऱ्यांच्या हिशेबाचं वर्ष आजच्या मापाने ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटं १० सेकंद. आर्यभटाचं ६ तास १२ मिनिटं ३० सेकंद. दरवर्षी ३ मिनिटं २० सेकंद जास्त. पंधराशे वर्षांत हा फरक साडेतीन दिवसांच्या आसपास जातो. एकाच माणसाच्या एकाच संख्येतून एक मान इतकं नेमकं आणि दुसरं इतकं ढिलं का, हा खरा प्रश्न आहे.

हर्णैकाठ

बावनदीताई, हरकत मान्य, आणि प्रश्न माझ्या प्रश्नांपेक्षा चांगला आहे. मला समजलेलं सांगतो.

महिना मोजायला ग्रहणं आहेत. चंद्रग्रहणाचा मध्य म्हणजे पौर्णिमेचा नेमका क्षण, तो डोळ्यांनी दिसतो आणि घटिकापात्राने टिपता येतो. दोन ग्रहणांमध्ये शे-दोनशे वर्षांचं अंतर असेल तर टिपण्यातली चूक हजारो महिन्यांत वाटली जाते आणि एका महिन्याच्या वाट्याला नगण्य उरते. वर्षाचं तसं नाही. सूर्य कोणत्या ताऱ्याशी आला हे थेट दिसतच नाही, सूर्य उगवला की तारे जातात. अंदाज अप्रत्यक्ष. म्हणून ते मान ढिलं राहिलं.

आणि एक. 'सूर्यसिद्धान्त' या जुन्या ज्योतिषग्रंथात दिवसांची संख्या १,५७,७९,१७,८२८ आहे, म्हणजे आर्यभटापेक्षा ३२८ दिवस जास्त. महिन्यांची संख्या मात्र तीच, ५,३४,३३,३३६. भागाकार केला तर २९.५३०५८८. चंद्राच्या बाबतीत आणखी जवळ, पण वर्ष आणखी सहा-साडेसहा सेकंदांनी लांबलं. एक टोक ओढलं की दुसरं सुटतं.

बावनदी

हे पटलं. ग्रहणांचा मुद्दा मी विसरले होते.

नांदगाव_समुद्र

धागा वाचून राहवलं नाही. सरांचा तिसरा प्रश्न, एवढ्या मोठ्या संख्येशी गावोगावचे लोक झगडायचे कसे, त्याचं उत्तर आमच्या गावात आहे.

काशीदहून मुरूडकडे निघालात की मध्ये नांदगाव लागतं. एका अंगाला सुपारीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला सुरूचं बन आणि समुद्र. गणेश दैवज्ञ इथले. वडील केशव दैवज्ञही मोठे ज्योतिषी. गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हे आरंभवर्ष धरून 'ग्रहलाघव' रचला. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे कित्येक पिढ्या यावर चालली.

लाघव म्हणजे हलकं करणं. त्यांनी दोन ओझी उतरवली. एक, ज्या-कोटिज्येची, म्हणजे साइन-कोसाइनची कोष्टकं. दुसरं, हा तुमचा अब्जावधीचा आकडा. कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजायचे तर गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्यापर्यंत ते १८,७२,२९९ होतात. त्या सात आकडी संख्येने ग्रहाच्या फेऱ्यांना गुणायचं आणि १,५७,७९,१७,५०० ने भागायचं. तेही पाटीवर. गणेश दैवज्ञांनी काळाचे अकरा-अकरा वर्षांचे तुकडे केले. एका तुकड्याला म्हणायचं चक्र, आणि एका चक्राचे दिवस ४०१६. चक्रं वेगळी ठेवायची आणि फक्त चालू चक्रातले दिवस मोजायचे. चार आकड्यांच्या वर संख्या जातच नाही.

सूत्र श्लोकात आहे आणि त्याची सुरुवातच समुद्राची आहे: 'द्व्यब्धीन्द्र'. द्वि म्हणजे २, अब्धि म्हणजे समुद्र म्हणजे ४, इंद्र १४. उजवीकडून वाचायचं: १४४२. शकातून १४४२ वजा करा, ११ ने भागा.

मी शके १९४७ चा पाडवा करून बघितला. १९४७ – १४४२ = ५०५. अकराने भागून चक्रं ४५, बाकी १०. दहा वर्षांचे १२० महिने. अधिक महिन्यांसाठी: १२० मध्ये चक्रांची दुप्पट ९० आणि १० मिळवून २२०, त्याला ३३ ने भागून ६. एकूण महिने १२६. तिसाने गुणून ३७८०. त्यात चक्रांचा सहावा भाग ७ मिळवून ३७८७. त्याला ६४ ने भागून ५९ क्षयतिथी (तिथी दिवसापेक्षा थोडी लहान, म्हणून मधूनमधून गळणाऱ्या), त्या वजा. उत्तर ३७२८.

वार काढायचं सूत्र: चक्रांची पाचपट अधिक हे दिवस, भागिले ७, मोजणी सोमवारपासून (बाकी शून्य म्हणजे सोमवार). २२५ + ३७२८ = ३९५३. बाकी ५. म्हणजे शनिवार. पण ३० मार्च २०२५ चा पाडवा रविवारी होता! तीनदा केलं. माझी चूक कुठे होते आहे?

देवगड_४१६६१३

दीक्षितांचा उल्लेख यायला हवा. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, त्यात गणेश दैवज्ञांवर सविस्तर आहे. तेही मुरूडचेच, म्हणजे नांदगावच्या अगदी शेजारचे.

हर्णैकाठ

देवगडकर, दुरुस्ती. दीक्षित मुरूडचे हे खरं, पण ते मुरूड आमचं, दापोली तालुक्यातलं, हर्णैला लागून. जन्म १८५३ चा. गणेश दैवज्ञांच्या नांदगावाजवळचं ते मुरूड-जंजिरा. दोन मुरूडांमुळे हा घोळ नेहमी होतो. पण दोघेही समुद्राच्या आवाजात वाढले, हे खरंच.

शून्य_ते_अनंत

नांदगावभाऊ, तुमची चूक नाही. सूत्र मध्यम, म्हणजे सरासरी मानावर चालतं. चंद्राची गती रोज सारखी नसते, त्यामुळे प्रत्यक्ष तिथी थोडी मागेपुढे होते आणि एका दिवसाचा फरक पडू शकतो. म्हणून तर वार काढून बघायचा. वार जुळला नाही की एक मिळवायचा किंवा एक वजा करायचा. तुमचा शनिवार आला, हवा होता रविवार. एक मिळवा: ३७२९. मी वेगळ्या वाटेने तपासलं. १९ मार्च १५२० (जुनी, ज्युलियन तारीख), सोमवार, ते ३० मार्च २०२५ हे दिवस १,८४,४४९. आणि ४५ × ४०१६ + ३७२९ = १,८४,४४९. चोख.

पण मला खरा आनंद झाला तो या सूत्राची शिवण उसवून बघताना.

अकरा वर्षांचे सौर महिने १३२, त्यात अधिक महिने चार, एकूण १३६ चांद्र महिने. १३६ × २९.५३०५८८ = ४०१६.१६ दिवस. गणेश दैवज्ञांनी ४०१६ घेतले आणि वरचे ०.१६? ते म्हणजे जवळजवळ एक षष्ठांश. म्हणून 'चक्रांचा सहावा भाग मिळवा'! टाकलेला अपूर्णांक दर सहा चक्रांनी एक दिवस होऊन परत येतो. काहीही हरवलेलं नाही.

तसंच ६४. आर्यभटाच्या आकड्यांनी महायुगात तिथी १,६०,३०,००,०८० आणि दिवस १,५७,७९,१७,५००. वजाबाकी २,५०,८२,५८० क्षयतिथी. म्हणजे ६३.९१ तिथींमागे एक. तेच पाटीवर आलं ६४ होऊन.

आणि ३३. अधिक महिने १५,९३,३३६, सौर महिने ५,१८,४०,०००. भागाकार साडेबत्तीसच्या किंचित वर. ते झालं ३३, आणि जे कमी पडलं ते 'चक्रांची दुप्पट' घालून भरून काढलं.

वाराच्या सूत्रात पाचपट का? ४०१६ ला सातने भागून बाकी ५. सहज म्हणून १,५७,७९,१७,५०० ला सातने भागलं. बाकी ५! हा योगायोगच, त्यातून काही अर्थ काढू नये. पण गाडीत एकटाच हसलो.

सुपारीची_वाडी

हे सगळं मी मुलाबरोबर बसून वहीत उतरवलं. 'टाकलेला अपूर्णांक परत येतो' याला त्याने दोनदा रेघ मारली.

सुकती_भरती

मी मालवणचा, होडीवर वीस वर्षं काढली. गणित तुम्ही बघा, पाण्याचं मी सांगतो. पाऊणकी हा सोपा हिशेब आहे, नेमका नाही. आमचे जुने लोक म्हणायचे, तिथीमागे दोन घटका. घटका चोवीस मिनिटांची, दोन घटका अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तासाला तीन मिनिटं कमी पडतात. षष्ठीला ती अठरा मिनिटं होतात, म्हणजे पोरीची होडी साडेचारऐवजी पावणेपाचनंतर लागायची. द्वादशीला छत्तीस मिनिटांचा घोळ. खाडीच्या तोंडावर वाळूचा बांध असला तर छत्तीस मिनिटांत होडी टेकते.

आणि भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या मागेपुढे, कुठलाच हिशेब मिनिटावर धरू नये. पाणीच कमी चढतं आणि वेळही हलते. मोठं उधाण पौर्णिमेला नाही, तिच्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. वारा दक्षिणेचा असला तर आणखी वेगळं. आम्ही ओहोटीला सुकती म्हणतो, ती चुकली की दिवस गेला.

शून्य_ते_अनंत

सुकतीदादा, दोन घटका अगदी नेमक्या आहेत! तीस तिथींत भरतीची वेळ पूर्ण चोवीस तास सरकून पुन्हा जागेवर येते. १४४० मिनिटं भागिले ३० = ४८. म्हणजे दोन घटका, कमी नाही, जास्त नाही. सरासरीचा हिशेब म्हणून यापेक्षा शुद्ध असूच शकत नाही.

हर्णैकाठ

उशीर झाला लिहायला, पण कारण चांगलं आहे. हे सगळं वर्गात नेलं.

दोन घटकांचं सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली, "मग बाबा खरं बोलतात. ते म्हणतात तुझ्या हिशेबाने गेलं की थांबायलाच लागतं."

मग मुलांनी यंदाचा पाडवा करायला घेतला. शके १९४८. १९४८ – १४४२ = ५०६. अकराने भागून ४६, बाकी शून्य. वर्गात गोंधळ, "सर, चुकलं." चुकलं नव्हतं. यंदाच्या पाडव्याला, १९ मार्चला, नवं चक्र सुरू झालं! अकरा वर्षांतून एकदा येणारा पाडवा, आणि आम्हाला तो होऊन गेल्यावर कळला.

पुढे गेलो. महिने शून्य. चक्रांची दुप्पट ९२ अधिक १० = १०२, भागिले ३३ = ३ अधिक महिने. तीन महिन्यांचे ९०, सहावा भाग ७, एकूण ९७. त्यातून १ क्षयतिथी गेली, ९६. वार: २३० + ९६ = ३२६, बाकी ४, शुक्रवार. पाडवा होता गुरुवारी. शून्यभाऊंचा नियम लावून एक वजा केला, ९५. वार जुळला. मी खडू खाली ठेवला.

ती मुलगी उभी राहिली. तिने नांदगावकरांचे ३७२९ घेतले होते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरून दोन पाडव्यांमधले दिवस मोजले होते: ३५४. बेरीज ४०८३. त्यातून चक्राचे ४०१६ गेले की ६७. "सर, ९५ कसे? ६७ पाहिजेत."

वार जुळला होता, आणि तरी उत्तर चुकलं होतं. फरक २८ चा, म्हणजे बरोबर चार आठवडे, म्हणून वाराने चूक पकडलीच नाही. मी पूर्ण मधली सुट्टी फळ्यासमोर होतो. शेवटी पुढच्या बाकावरच्याच मुलाने कॅलेंडरचं पान उलटलं: अधिक ज्येष्ठ, १७ मेपासून. सूत्राने तो अधिक महिना आधीच मोजला होता, प्रत्यक्षात तो अजून यायचा होता. १०२ ला ३३ ने भागून बाकी फक्त ३ उरते, म्हणजे महिना उंबरठ्यावर आहे हे सूत्र सांगतच होतं, मी ऐकलं नाही. तीनऐवजी दोन धरले: ६० + ७ = ६७, वजा १ = ६६. वार बुधवार. एक मिळवला, गुरुवार आणि ६७.

आता अधिक ज्येष्ठाचे तीसही दिवस जेटीच्या एका खांबावर भरतीची वेळ आणि उंची टिपायची असं मुलांनी ठरवलं आहे. शाळेला सुट्टी असेल, पण बहुतेक मुलं बंदरावरच असतात. खांबाला तांबड्या रंगाने वीतभर अंतरावर रेघा मारून झाल्या. एका रकान्यात पाऊणकीची वेळ, दुसऱ्यात दोन घटकांची, तिसऱ्यात प्रत्यक्षातली. सुकतीदादा, भांगाच्या दिवसांत उंची किती वेळाने बघायची ते सांगा. वही भरली की आकडे इथेच टाकतो.